सोलापुरात मुलांना पिस्तूल नेमबाजी शिकवायची असेल तर: वय, परवाना आणि कागदपत्रं

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडून आलेला मुलगा घरी सांगतो, "मला पिस्तूल शिकायचंय." मग पालक शाळेत माझ्याकडे येतात. क्रीडाशिक्षक म्हणून हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरने दोन कांस्यपदकं जिंकल्यापासून मुलींचे आई-वडीलही तितक्याच उत्साहाने विचारू लागलेत. माझं उत्तर ठरलेलं आहे. शिकवा, पण हवेच्या पिस्तुलावर, रेंजवर आणि प्रशिक्षकासमोर. घरात कुणाच्या परवान्याचं रिव्हॉल्व्हर असेल, तर त्याला या शिकण्यात अजिबात जागा नाही.

आधी कायदा बघू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ९ प्रमाणे २१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीला अग्निशस्त्र घेता किंवा बाळगता येत नाही. त्याच कलमात लहान वयाच्यांना प्रशिक्षणापुरतं, ठरवून दिलेल्या अटींवर शस्त्र वापरायची मुभा आहे. काही जण या मुभेचा सोयीचा अर्थ काढतात. मामांच्या मळ्यात, मामांच्या परवान्यावरच्या रिव्हॉल्व्हरने भाच्याने दोन गोळ्या झाडणं याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. परवाना ज्याच्या नावावर, शस्त्र त्याच्याच हाती. वरातीत आनंदाच्या भरात गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांसमोर असले प्रकार होत असतील तर शिकवणीची सुरुवात घरातल्या मोठ्यांपासून करावी लागेल.

आता दिलासा देणारी गोष्ट. १० मीटर एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटर बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) असतं. बोअर एवढाच आणि छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर शस्त्र परवाना लागत नाही. त्यापुढचं २५ मीटर पिस्तूल मात्र .२२ इंच बोअरचं, म्हणजे खरं अग्निशस्त्र. त्याचा परवाना सोलापूर शहरात पोलीस आयुक्त देतात. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असतो आणि नेमबाज खेळाडूंसाठी शस्त्र नियम २०१६ मध्ये वेगळ्या तरतुदी आहेत. पण आठवी-नववीच्या मुलाच्या पालकांनी याची चिंता आज करू नये. पहिली काही वर्षं एअर पिस्तुलात सहज जातात.

वय किती हवं? माझ्या मते बारा-तेरा. नियमाने एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास असतात, आणि ते एका हाताने, हात सरळ ठेवून धरायचं असतं. लिटरभर पाण्याची बाटली मुलाला तशी धरायला सांगा. वीस सेकंदांत खांदा वर चढला आणि कंबर वाकली, तर सहा महिने थांबा आणि तोवर व्यायाम करून घ्या. उशीर होईल ही भीती नको. मनू भाकर आणि सौरभ चौधरी २०१८ मध्ये अनुक्रमे राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले तेव्हा सोळा वर्षांचे होते खरे, पण त्याच आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं ते वयाच्या सत्तावीसाव्या वर्षी.

स्पर्धेत उतरायचे रस्ते दोन आहेत. पहिला शालेय स्पर्धांचा. वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय १ जानेवारी धरून मोजतात. शहरातली शाळा महापालिका क्षेत्रातून खेळते, तालुक्यातली जिल्ह्यातून, पुढे पुणे विभाग आणि मग राज्य. नाव शाळेनेच नोंदवायचं असतं, त्यामुळे जूनमध्येच क्रीडाशिक्षकाला गाठा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या परिपत्रकावर लक्ष ठेवा. दुसरा रस्ता संघटनेचा: मान्यताप्राप्त क्लबचं सदस्यत्व, राज्य संघटना, आणि नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचं नेमबाज ओळखपत्र. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. एनसीसीतही फायरिंग मिळतं, पण ते .२२ रायफलचं, पिस्तुलाची हौस तिथे भागत नाही.

कागदपत्रं फार नाहीत: जन्म दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, पालकांचं लेखी संमतिपत्र. पण अडतं इथेच. आमच्या पूर्व भागात तेलुगू आडनावांची इंग्रजी स्पेलिंगं जागोजागी बदलतात. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आडनावात जन्म दाखल्यावर दोन 'एल' होते, आधारवर एक, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आडनाव वडिलांच्या नावाच्या जागी चढलेलं. मुलगी नेम छान धरत होती, पण दुरुस्ती होईपर्यंत नोंदणीची तारीख निघून गेली आणि ते वर्ष गेलं. तिच्या आईचा तो उतरलेला चेहरा मी विसरलो नाही. म्हणून सांगतो, आधी जन्म दाखला, मग त्याबरहुकूम आधार, मग शाळेची नोंद. पिस्तुलाचा विचार त्यानंतर.

क्लब निवडताना फी विचारण्याआधी एक तास मागे बसून बघा. पिस्तूल हातात नसताना नळीत रंगीत सुरक्षा दोरी (नळी रिकामी असल्याची खूण) दिसते का? "लोड", "स्टार्ट", "स्टॉप", "अनलोड" या आज्ञांवर सगळे खरंच थांबतात का? मी एकदा पाहिलं, मागून मित्राने हाक मारली आणि एक पोरगा पिस्तुलासकट वळला. छर्रा भरलेला नव्हता. तरी प्रशिक्षकाने शांतपणे पिस्तूल काढून घेतलं आणि त्याला उरलेला दिवस बाकावर बसवलं. असा प्रशिक्षक मिळाला तर मुलगा निर्धास्त सोपवा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू द्यायचा नाही.

पहिल्या वर्षी स्वतःचं पिस्तूल घेऊ नका. परदेशी बनावटीचं लाखाच्या वर जातं आणि निम्मी मुलं वर्षभरात दुसऱ्या खेळाकडे वळतात. जुनं घ्यायचंच झालं तर हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा; दहा वर्षं उलटलेला सिलिंडर स्पर्धेतही चालत नाही आणि धोक्याचाही असतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तो बंद गाडीत ठेवू नका. खरेदी पालकांच्या नावावर करा, विक्रेत्याला ओळखपत्राची प्रत द्या, बिल जपा.

आणि ते पिस्तूल मळ्यात न्यायचं नाही. नान्नजला माळढोकाचं अभयारण्य असलेल्या जिल्ह्यात आपण राहतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली पाखरू मारणं गुन्हा आहे, मग ते हवेच्या पिस्तुलाने का असेना.

स्पर्धेला पुण्यात बालेवाडीला जायची वेळ आली, तर हुतात्मा एक्सप्रेसने निघताना पेटीला कुलूप लावा, छर्रे वेगळ्या डब्यात ठेवा, आणि बिल, ओळखपत्र, स्पर्धेचं पत्र पालकांच्या पिशवीत वरच्या कप्प्यात असू द्या. पोलिसांनी विचारलं तर कागद आधी दाखवायचे आणि पेटी त्यांच्या समोर मोठ्या माणसाने उघडायची, मुलाने नाही.