थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी तापत नाही?

"थर्मोस्टॅट थंड देशांसाठी असतो, आपल्याकडं काढून टाका, घाटात गाडी तापणार नाही आणि नव्याचे पैसेपण वाचतील." साताऱ्यात हे किती जणांकडून ऐकलंय! पटतंही, कारण बंदच अडकलेला थर्मोस्टॅट काढला की खंबाटकी घाटात तापणारी गाडी खरंच थंड होते. पण तिथं दोष त्या बिघडलेल्या पार्टचा असतो, थर्मोस्टॅट असण्याचा नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप. आत मेण असतं, ते तापून फुगलं की झडप उघडते आणि कूलंट (इंजिनची उष्णता वाहून नेणारं द्रव) गार व्हायला रेडिएटरकडं जातं, साधारण ८० ते ९० डिग्रीला. म्हणजे इंजिन नीट तापेपर्यंत बंद, नंतर उघडी. ती काढली की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन बराच वेळ गारच राहतं, मग पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, झीज वाढते. थंडीत यवतेश्वर चढून कासला जाताना हीटर कोमट का लागतो तेही यातच आलं. काही इंजिनांत तर बायपास (रेडिएटरला वगळून कूलंट परत इंजिनात नेणारी वाट) उघडा राहतो, आणि गाडी उलट जास्त तापते!

खात्री घरीच होते. जुना थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात दोऱ्यानं लटकवा (चहाचं पातेलं नको, घरात भांडण होईल), गॅसवर ठेवा, स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरा. पार्टवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला आणि गार झाल्यावर मिटला तर चांगला, नाहीतर नवीन घ्या.