स्थलनामांपूर्वीचे इंग्रजी उपपद

इंग्रजीत काही स्थलनामांआधी ‘द’ हे निश्चित उपपद लागते, काहींआधी लागत नाही. मराठीत उपपदेच नसल्याने विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या शाळांत हा भाग बहुधा यादी घोकून उरकला जातो. खरे तर ‘वर्धा’ हे एकच नाव नीट पाहिले तरी निम्मा नियम हाती येतो.

‘निअर वर्धा’ म्हणजे वर्धा शहराजवळ. ‘निअर द वर्धा’ म्हणजे नदीजवळ. पुलगाव नदीकाठीच असल्याने तिथल्या मुलाला दोन्ही वाक्ये लागतात. मराठी हाच फरक सामान्यरूपाने दाखवते: पूर ‘वर्धेला’ येतो, बाजाराला आपण ‘वर्ध्याला’ जातो. इंग्रजीत नाम बदलत नाही, म्हणून भार उपपदावर पडतो.

नद्यांना ‘द’ लागतेच: द वैनगंगा, द पैनगंगा, द प्राणहिता. स्वरापूर्वी उच्चार ‘दि’ होतो, जसे दि इंद्रावती. तलावांचे मात्र उलटे. लोणार लेक, नवेगाव लेक, उपपदाविना. पर्वतरांगेला ‘द’ (द सातपुडा रेंज), पण चिखलदऱ्याजवळच्या वैराट या एकट्या शिखराला नाही. आर्वी, धारणी, सिरोंचा अशी गावे कोरीच राहतात. ‘यवतमाळ डिस्ट्रिक्ट’ला उपपद नको, ‘द डिस्ट्रिक्ट ऑफ यवतमाळ’ला हवे, ‘ऑफ’ने बांधलेल्या नावांचे बहुधा असेच होते.

प्रदेशांच्या बाबतीत तर्कापेक्षा वहिवाट चालते. डेक्कनला ‘द’ लागते, कोकणला पुष्कळदा लागते, विदर्भाला नाही. जुन्या इंग्रजी लेखनात ‘द मेळघाट’ही आढळते. नागपूर राजधानी असलेला, 1861 साली स्थापन झालेला प्रांत इंग्रजीत ‘द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस’ होता, कारण ‘प्रॉव्हिन्सेस’ हे अनेकवचनी सामान्यनाम. 1950 मध्ये त्याचे मध्य प्रदेश झाले आणि उपपद गळाले. द युनायटेड स्टेट्स, द नेदरलँड्स यांतले ‘द’ही अनेकवचनामुळेच. एरवी देशांना ते सहसा लागत नाही. ‘द इंडिया’ चूक, पण ‘दि इंडिया ऑफ 1947’ बरोबर, कारण तिथे एका विशिष्ट काळातला भारत अभिप्रेत आहे.

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवरून हा नियम शिकू नये. जागा वाचवण्यासाठी तिथे उपपदे सर्रास गाळतात, आणि पावसाळ्यात मथळ्यातले ‘वर्धा’ नदी की शहर, हे खालची बातमी वाचल्यावरच कळते.