वेबसाइटचा बॅकअप किती लांब ठेवावा?

"होस्टिंग कंपनी रोज बॅकअप घेते की, मग आपण वेगळा कशाला घ्यायचा?" ठाण्यात छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. नौपाड्यातले पुस्तकविक्रेते विचारतात, वाशीतले क्लासचे सर विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र कंपनीला तीन गोष्टी विचाराव्या लागतात: प्रत कुठे ठेवता, ती कोणाच्या पासवर्डने उघडते आणि किती जुनी प्रत परत मिळते?

त्याआधी प्रत कशाची घ्यायची ते पाहू. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या प्रणालीवर चालणाऱ्या वेबसाइटचे दोन भाग असतात. थीम (वेबसाइटचं रूप), प्लगइन (जादा सोयी देणारे छोटे प्रोग्राम), फोटो या फायली झाल्या. लेख, ऑर्डरी, ग्राहकांची माहिती हे सगळं डेटाबेसमध्ये, म्हणजे तक्त्यांच्या साठ्यात असतं. नुसतं फोल्डर उतरवून घेणाऱ्याकडे फोटो उरतात, मजकूर जातो. डेटाबेसची प्रत घेतानाही एक अडचण असते. प्रत निघायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एखादी ऑर्डर येते. मग साठ्याच्या तक्त्यात पुस्तक शिल्लक दिसतं आणि ऑर्डरीच्या तक्त्यात ते विकलेलं असतं. म्हणून चांगली साधनं सुरुवातीच्या एकाच क्षणाची स्थिती धरून ठेवतात आणि पूर्ण प्रत त्या स्थितीची काढतात. निवड करताना हे जरूर विचारावं.

आता जागा. नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठी डेटा सेंटर, म्हणजे वेबसाइटचे सर्व्हर ठेवायच्या इमारती उभ्या आहेत. तिथे एकच माहिती एकाच वेळी अनेक डिस्कवर लिहिली जाते. एक डिस्क गेली तरी वेबसाइट चालू राहते, पण याला बॅकअप म्हणता येत नाही. तुम्ही चुकून पुसलेला लेख त्याच क्षणी सगळ्या डिस्कवरून पुसला जातो.

आणि इमारतच गेली तर? १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचं एक पाच मजली डेटा सेंटर आगीत खाक झालं, शेजारच्या इमारतीलाही झळ बसली. ज्यांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांचं मूळ आणि बॅकअप दोन्ही एका रात्रीत गेलं. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबई या सगळ्यांची वीज एकदमच गेली. डेटा सेंटरकडे जनरेटर असतात, पण तुमच्या ऑफिसातल्या हार्ड डिस्कला तो आधार नसतो. सर्व्हर महापेला आणि प्रत ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे दोघांवर एकच पाऊस पडणार. ॲमेझॉनची क्लाउड सेवा मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे, त्यामुळे दुसरी प्रत देशातच पण शेकडो किलोमीटर लांब ठेवणं छोट्या दुकानदारालाही जमण्यासारखं आहे.

नकाशावरचं अंतर पुरेसं मात्र नाही. अनेक प्लगइन बॅकअपची झिप फाइल त्याच होस्टिंग खात्यातल्या एका फोल्डरमध्ये टाकतात. खात्यात शिरलेला हॅकर तीही पुसतो. बिल थकून खातं बंद झालं, तरी दोन्ही एकदम हातची जातात. म्हणून प्रत वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या खात्यात, वेगळ्या पासवर्डखाली हवी. ठरलेल्या मुदतीत कोणालाही बदलता किंवा पुसता येणार नाही अशी साठवण आता मिळते. पैसे द्यायचेच तर मी आधी त्या सोयीला देईन. प्रतीत ग्राहकांचे फोन नंबर असतात, तेव्हा ती एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करूनच बाहेर पाठवावी, आणि त्याची किल्ली फक्त सर्व्हरवर ठेवू नये.

तिसरा मुद्दा काळाचा. वेबसाइटमध्ये शिरलेला मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, कित्येकदा आठवडेच्या आठवडे कोणाला दिसत नाही. कंपनी फक्त सात दिवसांच्या प्रती ठेवत असेल, तर सातही प्रती बाधित निघतात. माझ्या मते छोट्या वेबसाइटने रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या निदान सहा प्रती ठेवाव्यात.

इतक्या प्रतींना जागा आणि इंटरनेट कुठून आणायचं? २० जीबीची वेबसाइट सेकंदाला १० मेगाबिटच्या अपलोडवर पाठवायला सुमारे साडेचार तास लागतात. हा प्रश्न ज्या कल्पनेने सुटला ती मला फार आवडते. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी फाइलचा फक्त बदललेला भाग पाठवणारा आरसिंक हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. पलीकडची जुनी फाइल तुकड्यांत विभागली जाते आणि प्रत्येक तुकड्यातल्या बाइटांवरून काढलेली एक छोटी बेरीज इकडे येते. इकडचा संगणक नव्या फाइलवरून तेवढ्याच लांबीची खिडकी एकेक बाइट सरकवत नेतो. खिडकी सरकली की बाहेर पडलेला बाइट वजा करायचा, आत आलेला मिळवायचा. पूर्ण बेरीज पुन्हा करावी लागत नाही. बेरीज जुळली की अधिक कडक पडताळणी होते, आणि तीही जुळली तर "हा तुकडा तुझ्याकडे आहे" एवढाच निरोप जातो. फाइलच्या सुरुवातीला एक ओळ घुसवली तरी पुढचे तुकडे ओळखले जातात. रेस्टिक आणि बोर्ग ही मोफत साधनं सरकत्या बेरजेची हीच कल्पना वापरून शेकडो प्रती थोड्या जागेत ठेवतात. स्वस्त होस्टिंगवर ती चालवता येत नसतील, तर प्रती थेट बाहेरच्या खात्यात पाठवणारं प्लगइन घ्यावं.

हे सगळं जमलं तरी प्रत उघडते का, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याकडून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअपचे अनेक मार्ग होते. त्यातला रोजचा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे मुकाट्याने बंद पडत होता, आणि तशी सूचना देणारे ईमेल पोचतच नव्हते. क्लाउडमधली जागा रिकामी निघाली. कोणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या प्रतीने कंपनी वाचली. त्यांनी ही कहाणी तपशिलासह जाहीर केली, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

मराठी वेबसाइटला आणखी एक परीक्षा असते. यूटीएफ-८ या, अक्षरं साठवायच्या संकेतपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'ठाणे' या शब्दात काना-मात्रा धरून चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. प्रत परत आणताना डेटाबेसला ही संकेतपद्धती सांगितली गेली नाही, तर तो प्रत्येक बाइट वेगळं अक्षर समजतो आणि 'ठाणे'च्या जागी बारा विचित्र रोमन चिन्हं उमटतात किंवा नुसती प्रश्नचिन्हं. प्रश्नचिन्हं डेटाबेसमध्येच साठवली गेली, तर मूळ अक्षरं त्यातून परत मिळवता येत नाहीत. इमोजी चार बाइटचे असल्याने तेही सामावणारी संकेतपद्धती, म्हणजे यूटीएफ-८ एमबी-४ (utf8mb4), निवडावी.

वर्षातून दोनदा तरी एखाद्या चाचणी पत्त्यावर पूर्ण वेबसाइट प्रतीमधून उभी करावी. दुकान असेल तर दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आधी नक्कीच. एखादा जुना लेख उघडावा, जोडाक्षरं वाचावीत, शेवटची ऑर्डर शोधावी आणि सगळ्याला लागलेला वेळ लिहून ठेवावा. वेबसाइट खरोखर कोसळल्यावर ग्राहकांना किती तास थांबायला सांगायचं, ते त्या आकड्यावरूनच ठरवता येतं.