गटाराच्या झाकणातून वर आलेली मुलगी

आषाढातली संध्याकाळ. गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या जुन्या घराच्या कौलांवर पाऊस नुसता कोसळत होता आणि आठ वर्षांची भाची माझ्या लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली होती. केविन लिमा यांनी दिग्दर्शित केलेला, २००७ सालचा ‘एन्चांटेड’ लावला होता. सुरुवातीची काही मिनिटं सगळं हातानं काढलेलं चित्र आहे: जंगल, बोलणारे प्राणी, राजपुत्र आणि जिझेल नावाची गाणारी मुलगी. मग दुष्ट राणी तिला विहिरीत ढकलते आणि ती वर येते ती थेट न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, रस्त्यातलं गटाराचं लोखंडी झाकण उचलून. आता ती चित्र नसते, हाडामांसाची असते. एमी ॲडम्स ही अभिनेत्री तो भलामोठा झगा सावरत गाड्यांच्या गर्दीत उभी असते.

मी भाचीकडे बघत होतो. ही कोण, असं ती विचारेल अशी माझी अटकळ होती. नाक वेगळं, डोळे वेगळे, त्वचेला पोत आलेला, सावली पडायला लागलेली. ओळख पटावी असं केस आणि झगा सोडला तर फारसं काही उरलं नव्हतं. पण ती एवढंच म्हणाली, “मामा, आता तिला घरी कोण नेणार?” ही तीच आहे याबद्दल तिच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

ही खात्री कुठून येते, हे मला गेले कित्येक दिवस सोडत नाहीये.

सुरुवात सगळ्यात साध्या गोष्टीपासून करावी लागते. पडद्यावर काहीच हलत नसतं. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस स्थिर फ्रेम एकामागून एक दाखवल्या जातात, बस. हातानं काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. तरीही दहा मिनिटांच्या ॲनिमेशनला एका पात्राची ७,२०० चित्रं लागतात. पुस्तकात याचं कारण ‘दृष्टिसातत्य’ असं दिलेलं असतं: डोळ्याच्या पडद्यावर आधीचं चित्र क्षणभर रेंगाळतं, तोवर पुढचं येतं आणि दोन्ही जुळतात. मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. पण जरा विचार करा. आधीचं चित्र रेंगाळत असताना त्यावर पुढचं पडलं, तर दोन्हींचा चिखल व्हायला हवा. उडी मारणारा बेडूक दिसण्याऐवजी एकावर एक ठेवलेले दहा बेडूक दिसायला हवेत. रेंगाळण्यामुळे फार तर पडद्याची लुकलुक जाणवत नाही. हालचाल त्यातून निघत नाही.

खरी वाट दाखवली मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी, १९१२ साली. त्यांनी माणसांना फक्त दोन रेघा दाखवल्या, आधी एक, मग थोड्या अंतरावर दुसरी. मधला वेळ अगदी कमी, ३० मिलिसेकंदांच्या आसपास असला की दोन्ही रेघा एकदमच दिसतात. तो २०० मिलिसेकंद केला की आधी एक आणि नंतर दुसरी, अशा सुट्ट्या दिसतात. पण ६० मिलिसेकंदांच्या जवळपास गंमत होते. बघणाऱ्याला एकच रेघ इथून तिथे सरकताना दिसते. मधल्या जागेत काहीही दाखवलेलं नसतं. ती वाट मेंदूनं घातलेली असते.

हा प्रयोग आपण सगळ्यांनी चतुर्थीला पाहिलेला आहे. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्याभोवती लावलेल्या माळेतले दिवे ‘धावतात’ ना? एकही दिवा जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा पेटतो, आणि आपल्याला उजेड पळताना दिसतो. लहानपणी मी तो उजेड बोटानं पकडायला जात असे.

ही वाट घालणारं यंत्र बिघडलं तर काय होतं, याचं एक विलक्षण उदाहरण वैद्यकशास्त्रात आहे. योजेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली जर्मनीतल्या एका महिलेची हकिकत प्रसिद्ध केली. मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाल्यामुळे तिची हालचाल बघण्याची शक्ती गेली होती. रंग दिसत, आकार दिसत, वस्तू ओळखता येत. पण कपात चहा ओतताना चहाची धार तिला गोठल्यासारखी दिसे. कपातली पातळी वर चढताना दिसत नसे, त्यामुळे थांबायचं कधी ते कळत नसे. खोलीत माणसं चालत नसत, आत्ता इथे तर क्षणात तिथे उभी असत. रस्ता ओलांडणं तिला जमेना, कारण लांब दिसणारी गाडी अचानक अंगाशी आलेली असे. आपल्यासाठी चित्रांचा सिनेमा होतो, तिच्यासाठी सगळ्या जगाची सुटी चित्रं झाली होती. हे वाचल्यापासून सकाळी चहा ओतताना मी त्या धारेकडे बघतो.

म्हणजे हालचाल ही मेंदूची वेगळी, स्वतंत्र कामगिरी आहे. आपल्याकडे हे सगळ्यात आधी हातात धरलं ते दादासाहेब फाळक्यांनी. पहिला मोठा चित्रपट करायच्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली आणि मातीतून कोंब वर येऊन वेल होताना दाखवला. भांडवल देणाऱ्याला पटवायला तेवढं पुरलं. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी आगकाड्या तसूतसूनं हलवत चित्रीकरण केलं आणि पडद्यावर काड्या जिवंत झाल्या. रोपटं आणि काडी, दोन्हींना तोंड नाही, डोळे नाहीत. तरी लोक बघत बसले.

तोंड नसताना जीव कशानं येतो? याचं उत्तर स्वीडनमधल्या उप्सालाचे मानसशास्त्रज्ञ गुनार योहान्सन यांनी १९७३ साली दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिथेच आहे. त्यांनी काळे कपडे घातलेल्या माणसाच्या खांद्यांवर, कोपरांवर, मनगटांवर, कमरेवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर चमकणारे ठिपके लावले आणि अंधारात त्याचं चित्रीकरण केलं. पडद्यावर दहा-बारा ठिपक्यांशिवाय काहीच नाही. माणूस स्थिर असताना बघणाऱ्याला तो विस्कटलेला नक्षत्रांचा पुंजका वाटे. माणूस चालू लागला की लगेच, सेकंदाच्या एक पंचमांश भागात, ‘अरे, कोणी तरी चालतंय!’ चालतंय, नाचतंय, दंडबैठका काढतंय, सगळं कळे. १९७७ साली जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी पुढचं पाऊल टाकलं. एकमेकांना ओळखणाऱ्या मित्रमैत्रिणींचे असे ठिपके त्यांना दाखवले. चेहरा नाही, कपडे नाहीत, केस नाहीत. तरी नुसत्या अंदाजानं जमलं असतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा लोकांनी आपली माणसं ओळखली.

आणि हे शिकून आलेलं दिसत नाही. दोन दिवसांच्या बाळांना ठिपक्यांचे दोन खेळ दाखवले, एक जिवंत हालचालीचा आणि एक विस्कटलेला, तर ती जिवंत हालचालीकडे जास्त वेळ बघतात. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं कोंबडीचं पिल्लूसुद्धा ठिपक्यांच्या जिवंत चालीकडेच ओढलं जातं. ती चाल कोंबडीची असायला हवी असंही नाही, मांजराची असली तरी चालते!

याचा उपयोग सिनेमाबाहेरही आहे आणि तो सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात, दिवे नसलेल्या रस्त्यावरून रात्री चालणारी माणसं किती! चमकणारी पट्टी छातीवर लावली तर गाडीवाल्याला काहीतरी चमकताना दिसतं, खांब की फलक ते कळत नाही. तीच पट्टी मनगटांवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर लावली तर ते चालणारं माणूस आहे हे त्याला पुष्कळ लांबून उमगतं, असं रस्ता सुरक्षेच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. घोट्याला दोन पट्ट्या बांधायला काहीच लागत नाही. रात्रपाळीहून चालत परतणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

आता जिझेलकडे येऊ. चितारलेल्या बाईला खऱ्या बाईची चाल द्यायची, ही ॲनिमेशनची फार जुनी ओढ. माक्स फ्लायशर यांनी चित्रीकरणावरून फ्रेमगणिक गिरवायच्या यंत्राचं पेटंट १९१७ साली मिळवलं. १९३७ साली डिस्नेच्या चित्रकारांनी हिमगौरी चितारली तेव्हा मार्ज चॅम्पियन या नर्तकीला नाचवून, तिचं चित्रीकरण समोर ठेवून काम केलं. पण नुसतं गिरवलं की पात्र मेल्यासारखं दिसतं, हे चित्रकारांना तेव्हाच कळलं होतं. खऱ्या कॅमेऱ्यात झपकन फिरलेला हात पुसट होतो, रेघेत तो पुसटपणा येत नाही. म्हणून चित्रकार हात थोडा लांबवतो, उडीआधी अंग जास्त दाबतो, थांबल्यावर झगा आणखी क्षणभर पुढे जाऊ देतो. म्हणजे खऱ्या हालचालीतला अर्क काढतो.

‘एन्चांटेड’मधलं हातचं ॲनिमेशन जेम्स बॅक्स्टर यांच्या देखरेखीखाली झालं. पण मला खरं कौतुक वाटतं ते पलीकडच्या बाजूचं. न्यूयॉर्कमध्ये आल्यावर एमी ॲडम्सचे हात बघा. मनगटं किंचित बाहेर वळलेली, बोटं पाकळ्यांसारखी, बोलण्याआधी मान एकदा झुलते, वळताना आधी खांदा, मग झगा. चित्रकारांनी माणसातून काढलेला अर्क ही बाई पुन्हा माणसाच्या अंगावर चढवते. चेहरा बदलला, पण ठिपके तेच राहिले. माझ्या भाचीनं ओळखले ते हे ठिपके, असं मला वाटतं. त्या घटकेला पडद्याची चौकटसुद्धा बदलते, सुरुवातीचं चित्रांचं जग अरुंद चौकटीत असतं आणि खरं शहर आलं की पडदा रुंदावतो. जग बदललंय हे त्यातून डोळ्याला कळतं. माणूस तेच आहे, हे चाल सांगते.

प्रेमाचंही असंच. १९४४ साली फ्रिट्स हायडर आणि मारियान झिमेल यांनी एक छोटी फिल्म केली: एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन. आकृत्या नुसत्या इकडून तिकडे सरकतात. काय दिसलं ते लिहा, असं चौतीस जणांना सांगितलं. फक्त एकानं भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना दिसला दांडगट मोठा त्रिकोण, घाबरलेलं वर्तुळ, त्याला वाचवायला आलेला छोटा त्रिकोण. कोण कुणामागे गेलं, कुणासाठी थांबलं, कुणाला पाहून मागे सरलं, एवढ्यावर माणूस प्रेमकथा रचतो.

राहिलं गाणं. भर शहरातल्या सेंट्रल पार्कमध्ये जिझेल गाऊ लागते तेव्हा तिच्याबरोबरचा वकील ओशाळून तिला गप्प करू पाहतो, आणि हळूहळू अख्खी बाग गाऊ लागते. ॲलन मेंकन यांचं संगीत, स्टीफन श्वार्ट्झ यांचे शब्द. बोलता बोलता गाण्यात शिरणं आपल्याला नवं नाही. देवळाच्या जत्रेत पहाटेपर्यंत संगीत नाटकं बघितलेल्या आमच्या गावांत तर नाहीच नाही. पण त्यामागचं गणित सुंदर आहे. ॲनिमेशनमध्ये गाणं आधी ध्वनिमुद्रित होतं आणि चित्रं त्यावर बेततात. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल तर एका मात्रेला अर्धा सेकंद, म्हणजे बरोबर बारा फ्रेम. तबलजी मात्रा मोजतो तसा ॲनिमेटर फ्रेम मोजतो. पाय समेवर पडायचा तर बाराव्या फ्रेमनंतरच.

चुकलं तर? आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी कानाला जाणवतं, म्हणजे जेमतेम एक फ्रेम. मागे पडला तर मात्र सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत, तीन फ्रेमपर्यंत, आपण सांभाळून घेतो. हा दुजाभाव निसर्गातून आला असावा, कारण आवाज उजेडाच्या मागूनच येतो, सेकंदाला सुमारे ३४० मीटर या चालीनं. शिगम्याचा रोमटामेळ, म्हणजे ढोल वाजवत नाचत येणारी मिरवणूक, शंभर मीटरवर असताना बघा: ढोलावर काठी पडलेली दिसते आणि धम्म आवाज पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतो. मेळ जवळ येईल तशी काठी आणि धम्म एकमेकांना गाठत जातात, आणि अगदी समोर आला की दोन्ही एक होतात, छातीत. काठी आधी आणि आवाज नंतर, याची सवय माणसाला आहे. आवाज आधी आणि काठी नंतर, असं जगात कुठेच घडत नाही.

त्या संध्याकाळी सिनेमा संपायच्या आत वीज गेली. लॅपटॉपची बॅटरीही थोड्या वेळानं बसली. आम्ही दोघं सोप्यावर येऊन बसलो. पाऊस ओसरला होता, पण काळोख इतका की अंगणातली तुळससुद्धा दिसेना. लांब, पोफळींच्या कुळागराच्या वाटेवर एक बॅटरी दिसली. उजेडाचा एकच ठिपका, झाडांआड जाणारा, पुन्हा दिसणारा. एक लांब हेलकावा, मग एक आखूड. लांब, आखूड.

“आजोबा आले,” भाची म्हणाली आणि दाराची कडी काढायला पळाली. माझ्या वडिलांचा डावा गुडघा गेली दोन वर्षं दुखतो.