सरंजाम, वतन आणि इनाम: ‘सरंजामशाही’ या शब्दाची पार्श्वभूमी

मध्ययुगीन युरोपातील समाजरचनेसाठी ‘सरंजामशाही’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो कोठून आला याचा विचार सहसा होत नाही. ‘सरंजाम’ या मूळ फारसी शब्दाचा अर्थ तरतूद, साधनसामग्री असा आहे. लग्नाचा सरंजाम म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. मराठेशाहीत सरदाराला पथक बाळगण्यासाठी तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नाला सरंजाम म्हणत. हे उत्पन्न चाकरीला बांधलेले होते, चाकरी चुकल्यास ते जप्त करता येई आणि सरदाराच्या पश्चात वारसाला ते नव्याने करार करून घ्यावे लागे. १८व्या शतकात सरंजाम प्रत्यक्षात पिढीजात झाले हे खरे, पण तत्त्वतः ते सरकारचेच राहिले.

वतनाचा, म्हणजे पिढीजात अधिकारपद आणि त्याच्या हक्कांचा, प्रकार याच्या नेमका उलट होता. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही वतने विकता येत, भावाभावांत वाटून घेता येत, आणि राज्य बदलले तरी ती टिकत. ‘वतनदार हे राज्याचे दायाद (वाटेकरी) होत’ असा इशारा मराठी राजनीतीवरील १८व्या शतकातील एका प्रसिद्ध ग्रंथात दिलेला आहे. आणि तरीही मराठ्यांनी सरदेशमुखीचा, म्हणजे महसुलातील दहा टक्क्यांचा, हक्क मागितला तो आपले वतन म्हणूनच. युरोपातील जमीनदार-सरदाराचा गावावर जो मुरलेला, पिढीजात अधिकार होता त्याच्याशी साम्य शोधायचे तर ते वतनात सापडते. आपण मात्र त्या व्यवस्थेला नाव दिले ते परत घेता येणाऱ्या उत्पन्नाचे. ‘सामंत’ या पर्यायी शब्दाचीही गत फारशी वेगळी नाही, कारण प्राचीन ग्रंथांत त्याचा अर्थ शेजारचा राजा असा होता आणि मांडलिक हा अर्थ त्याला पुढे चिकटला.

धर्माला इनाम दिलेली जमीन हा तिसरा प्रकार, आणि निरनिराळ्या समाजांतील फरक खरे तर येथे उघड होतो. नाशिकच्या लेण्यांतील सातवाहन लेखांत भिक्षूंना दिलेल्या शेतात राजपुरुषांनी प्रवेश करू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलती कोरलेल्या आहेत. पाचव्या शतकातील वाकाटकांच्या चम्मक ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना चंद्रसूर्य असेपर्यंत गाव दिले आहे. मात्र त्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये, या अटीही घातल्या आहेत, आणि त्या मोडल्यास राजाने गाव काढून घेणे ही चोरी ठरणार नाही असे बजावले आहे. जपानात ७४३ च्या कायद्याने नव्याने लागवडीला आणलेली जमीन कायमची खासगी झाली. पुढे मोठ्या मठांच्या जहागिरींनी करमाफीबरोबर अधिकाऱ्यांच्या प्रवेशबंदीचाही हक्क मिळवला. इंग्लंडमध्ये १०८६ च्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा जमीन चर्चकडे होती. चर्च मरत नाही, त्यामुळे वारसा बदलताना राजाला मिळणारे उत्पन्न बुडत असे. म्हणून १२७९ मध्ये तेथे राजाच्या परवानगीवाचून चर्चला जमीन देण्यास मनाई झाली.

अशा दानांतूनच भारतात सरंजामशाही घडली, हे मत १९६५ नंतर गाजले आणि १९७९ नंतर त्यावर कडाडून टीका झाली. येथील शेतकरी युरोपातील भूदासासारखा कायद्याने जमिनीला जखडलेला नव्हता, हा आक्षेप दख्खनपुरता तरी पटण्यासारखा आहे. मिरासदार, म्हणजे जमिनीवर पिढीजात हक्क असलेला शेतकरी, गावाला धरून राही, पण असा हक्क नसलेले उपरी कुळ उठून जाऊ शके, आणि पडीक जमीन वाहती करण्यासाठी सरकारला चढत्या साऱ्याचा इस्तावा (करार) देऊन कुळे बोलवावी लागत. माणसाला जागेवर धरून ठेवण्याचे जे काम तिकडे कायद्याने केले, त्यातले बरेचसे इकडे जातीने आणि बलुत्याने केले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१६८९ नंतर मोगलांशी झुंजताना मराठी राज्याने वतने आणि इनामे सढळ हाताने दिली. शत्रूही तेच आमिष दाखवीत असताना दुसरा मार्ग होता का, हा वाद संपलेला नाही. पण त्या निर्णयाची किंमत रयतेने मोजली, याकडे वाद घालणाऱ्यांचे लक्ष कमी जाते. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनामांचे पुरावे तपासून पुष्कळ इनामे खालसा केली. सरंजामांचा निकाल त्यांनी राजकीय बाब म्हणून वेगळा ठेवला, मंदिर-मशिदींच्या जमिनी मात्र कायम चालू ठेवल्या. स्वातंत्र्यानंतर परगणा व कुळकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, सरंजामही गेले. देवस्थान इनामे, म्हणजे महसुली भाषेतील वर्ग तीनच्या जमिनी, तशाच उरल्या. तेथे सातबाऱ्यावर नाव देवाचे असते आणि नांगर धरणारा वेगळाच असतो.