अपवादाने नियम खरंच सिद्ध होतो का?

वादात अडचण झाली की हमखास येणारं वाक्य: ‘अपवादानेच नियम सिद्ध होतो.’ म्हणजे विरुद्ध उदाहरण सापडलं की नियम उलट पक्का होतो, असा समज. तो रुजणं साहजिकच, कारण मूळ तत्त्व खरं आहे; फक्त ते कायद्यातलं आहे.

‘रविवारी पार्किंगला परवानगी’ अशी पाटी दिसली, की इतर दिवशी मनाई आहे हे न लिहिताही कळतं. सूट दिली आहे, म्हणजे नियम असणारच.

‘सगळे हंस पांढरे असतात’ हे विधान मात्र निराळं. १६९७ साली डच खलाशांना पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले आणि ते तिथेच खोटं ठरलं.

तेव्हा आधी विचारा: ही कोणी दिलेली सूट आहे, की प्रत्यक्षात सापडलेलं उलट उदाहरण? दुसरं असेल, तर ‘सगळे’ खोडून ‘बहुतेक’ लिहावं लागतं.