रुमालापासून ई-नस्तीपर्यंत : महाराष्ट्रातील शासकीय अभिलेखांची पार्श्वभूमी

मंत्रालयापासून तालुक्याच्या कचेरीपर्यंत ई-ऑफिस, म्हणजे शासकीय फाइली संगणकावरच हाताळण्याची प्रणाली, रुजत असताना चर्चा होते ती प्रामुख्याने स्कॅनर, सर्व्हर आणि लॉगिनची. कोणता कागद किती काळ ठेवायचा, तो कोणाच्या ताब्यात राहील आणि मागितल्यावर तो सापडेल कसा, हे प्रश्न मात्र संगणकाच्या कितीतरी आधीपासूनचे आहेत.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्याचे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराची कागदपत्रे, कंपनी सरकारच्या हाती गेले. रुमालांत बांधलेले हजारो मोडी कागद तेव्हा जपले गेले, त्यामागे इतिहासाच्या ओढीपेक्षा महसुलाची निकड अधिक होती, कारण इनाम आणि वतन कोणाचे खरे, हे ठरवायला दुसरा पुरावाच नव्हता. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने याच दप्तराच्या आधारे इनामदारांचे हक्क तपासले. पुढे दप्तरासाठी पुण्यात स्वतंत्र इमारत उभी राहिली, आणि १९३० च्या दशकात रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले.

दैनंदिन कारभारासाठी मात्र केवळ जपणूक पुरेशी नव्हती. महाराष्ट्रातील कार्यालयांत जी पद्धत स्थिरावली, तिचा कणा म्हणजे अभिलेखांचे, म्हणजे जपून ठेवायच्या कागदपत्रांचे, वर्गीकरण : ‘अ’ वर्गातील नस्ती (फाइली) कायमच्या, ‘ब’ तीस वर्षांसाठी, ‘क-१’ दहा वर्षांसाठी, ‘क’ पाच वर्षांसाठी आणि ‘ड’ एका वर्षापुरती. नस्ती बंद करतानाच तिच्यावर वर्ग लिहायचा, ती अभिलेख कक्षाकडे पाठवायची आणि मुदत संपताच निंदणीकरण, म्हणजे नको असलेले कागद काढून नष्ट करणे, उरकायचे, असा हा क्रम. लिपिकाच्या टेबलापाशीही हीच शिस्त सहा गठ्ठ्यांच्या रूपाने दिसते, ज्यांत चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारे कागद आणि नष्ट करायचे कागद वेगवेगळे राहतात. बारनिशीत, म्हणजे आलेल्या पत्रांच्या नोंदवहीत, आवक क्रमांक पडलेले पत्र लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढते आणि मग नस्तीच्या पत्रव्यवहार भागात पृष्ठांक घेऊन बसते. अभिप्राय आणि निर्णय लिहिण्याच्या टिपणी भागात त्या पृष्ठांकाचा हवाला दिलेला असला, की दहा वर्षांनी नस्ती उघडणाऱ्यालाही निर्णय कशाच्या आधारे झाला, हे कळते. या व्यवस्थेचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही, असे माझे ठाम मत आहे.

नियम होते, पण ते पाळले जातीलच असे नव्हते. म्हणूनच १९८० च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) तत्कालीन जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात साचलेल्या कागदांची छाननी करून अभिलेख आणि बैठकव्यवस्था नव्याने लावली, तेव्हा त्या कामाची राज्यभर दखल घेतली गेली आणि ते ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

कायद्याचे बळ नंतर आले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले. राज्याच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमावर आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व कामातील विलंब यांसंबंधीच्या अधिनियमावरही तेच वर्ष आहे. यांपैकी दुसऱ्याने एका कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये, असे बंधन घातले. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला कायदेशीर मान्यता त्याआधीच, २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मिळाली होती.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत माणसे दगावली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्ती जळाल्या. डिजिटल प्रतीची गरज त्यानंतर कोणाला पटवून द्यावी लागली नाही. आज शासन निर्णयाच्या अखेरीस जो लांबलचक संगणक संकेतांक छापलेला असतो, त्याचे सुरुवातीचे आकडे वर्ष, महिना आणि दिवस दाखवतात, आणि त्या पूर्ण संकेतांकावरून तो निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर नेमका शोधता येतो.

ई-ऑफिसमधील नस्तीनेही टिपणी आणि पत्रव्यवहार हे दोन भाग कायम ठेवले आहेत. निंदणीकरणाची सक्ती मात्र तेथे सैल पडते, कारण भरलेले कपाट डोळ्यांना दिसते, भरलेला सर्व्हर दिसत नाही. जुन्या नस्त्या सरसकट स्कॅन करण्याआधी त्यांचे वर्गीकरण झाले नाही, तर ‘ड’ वर्गातील पत्रेही ‘अ’ वर्गाच्या शेजारी कायमची जाऊन बसतात, आणि विषय व वर्ष न नोंदवलेल्या पीडीएफमध्ये हवा तो आदेश शोधण्यासाठी पुन्हा त्याच जुन्या कर्मचाऱ्याच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागते.